अडगळीतल्या संगणकांचा लिलाव करण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या संगणकांवर आणि हातात मावणाऱ्या ‘गेम बॉय’ या खेळयंत्रावर संगीत रचणाऱ्या मुलांविषयी लेख आला होता. त्यावर पुढच्याच आठवड्यात एका वाचकांचे पत्र छापून आले. त्यांचे म्हणणे असे, की हा निव्वळ खेळण्यातला पीं-पीं आवाज आहे, बटण दाबले की सारे काही यंत्रच करते, आणि हे परदेशी लोकांच्या बालपणाचे चोचले असून आपला त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पत्रलेखक गाण्यातले जाणकार असावेत, श्रुतींविषयी, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांविषयी, त्यांनी लिहिलेली दोन वाक्ये नेमकी आहेत. म्हणूनच उत्तर द्यावेसे वाटले. मी माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झाले, लहानपणापासून पेटी वाजवते, आणि ज्या यंत्रांची त्यांनी टर उडवली त्यांपैकी दोघांवर माझी बोटे फिरलेली आहेत.

‘यंत्रच सारे करते’ हा आक्षेप आधी घेते, कारण तो साफ उलटा आहे. निन्टेंडोचा गेम बॉय १९८९ साली जपानमध्ये बाजारात आला. चार पेन्सिल सेलवर चालणारा, हिरवट पडद्याचा करडा डबा. आवाजासाठी त्यात फक्त चार वाटा आहेत. दोन वाटांतून चौकोनी लहर निघते, तिसरीत आपण आखू ती लहर, आणि चौथीतून नुसती खरखर. एका वेळी याहून जास्त काही वाजतच नाही. चौकोनी लहर निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली ठेवली तर आवाज पोकळ, क्लॅरिनेटकडे झुकणारा येतो. वर राहण्याचा वेळ एक अष्टमांश केला की तोच सूर बारीक होऊन नाकात शिरतो. तिसऱ्या वाटेत बत्तीस बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूची उंची सोळा पायऱ्यांतून निवडायची. एवढ्या भांडवलावर चाल, ठेका, खर्ज आणि भरणा सगळे उभे करायचे. यंत्राला सा कुठे आहे हेही माहीत नसते, ते तुम्ही सांगायचे.

माझी भाची पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचे काम करते. तिने जपानमधून जुना गेम बॉय मागवला आणि त्यात योहान कोटलिन्स्की या स्वीडिश प्रोग्रॅमरने २००० च्या सुमारास लिहिलेला ‘लिटल साउंड डीजे’ हा संगीत रचण्याचा प्रोग्रॅम चालवते. (त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, जर्मनीच्या ऑलिव्हर विटखोव यांचा ‘नॅनोलूप’ आला होता. तो मी फक्त पाहिला आहे, वाजवलेला नाही.) दिवाळीत ती आली तेव्हा मला म्हणाली, “मावशी, तू गणित शिकवलंस ना, मग हे तुला माझ्याआधी जमेल.” पडद्यावर पाहते तर सुरांच्या जागी आकड्यांचे रकाने. मोजणी सोळाच्या पायावर, म्हणजे शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ. एका तुकड्यात सोळा पायऱ्या. मी पहिल्यांदा त्यात काय भरले असेल? तीनताल.

यातली खरी गंमत पत्रलेखकांना कळावी असे फार वाटते. या प्रोग्रॅममध्ये ‘एच’ नावाची एक आज्ञा आहे. ज्या पायरीवर ती लिहाल तिथून तुकडा तोडून पुन्हा समेवर यायचे. ‘सी’ या पायरीवर लिहिली तर बारा पायऱ्या उरतात, तो एकताल. ‘ए’वर लिहिली तर झपताल, ‘ई’वर दीपचंदी, ‘७’वर रूपक. तिकडच्या लोकांना ती वॉल्ट्झच्या तिनाच्या चालीसाठी लागते, आपल्याला तिच्यातून तालांचा अख्खा संसार मांडता येतो. दुसरी आज्ञा ‘एल’. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जायचे, आणि घसरायला किती वेळ घ्यायचा तेही आपण ठरवायचे. मला पेटीवर मींड कधी काढता आली नाही, कारण पेटीला ती येतच नाही. ती पहिल्यांदा माझ्या हातून निघाली ती या खेळण्यातून. नि ध नि असा मियाँ मल्हाराच्या वळणाचा एक तुकडा बसवायला आख्खी दुपार गेली, कारण घसरण किंचित लवकर सुरू झाली की सारे सिनेमाच्या गाण्यासारखे लाडिक वाटायला लागे. हे यंत्राने केले असे कोण म्हणेल?

तंबोऱ्याचा प्रयोग मात्र अर्धवटच राहिला. तिसऱ्या वाटेत सोळा वेगवेगळ्या लहरी आखून त्या एकामागून एक फिरवत ठेवता येतात. भाचीने त्यांतून जवारीचा, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांच्या झणकाराचा, भास आणला. हेडफोन लावून ऐकले तर बरा वाटतो. पण एक वाट तंबोऱ्याला दिली की खर्जाला काही उरत नाही. मग वाटे तंबोरा काढू, मग वाटे ठेका काढू. चार वाटांचा हा हिशेब म्हणजेच या संगीतातली रचना, असे माझे मत झाले आहे.

हीच ओढाताण त्याआधीच्या पिढीतही होती. कमोडोर ६४ हा अमेरिकन घरगुती संगणक १९८२ चा. त्याची ‘सिड’ नावाची ध्वनिचिप बॉब यानेस या तरुण अभियंत्याने केली. त्याला मुळात सिंथेसायझर करायचा होता, आणि पुढे त्याने ‘एन्सोनिक’ ही वाद्यांची कंपनी काढण्यात भागही घेतला. सिडमध्ये आवाज तीनच. मग तीन सुरांचा मेळ एकाच आवाजातून काढायचा तर ते तीन सूर इतक्या झरझर आलटून पालटून वाजवायचे की कानाला ते एकत्र भासावेत. या संगीताची ओळख ठरलेला तो थरथरता आवाज अशा गरजेतून जन्माला आला. त्याहून मजेदार गोष्ट सिडमधल्या दोषाची. आवाजाची पातळी बदलली की चिपमधून ‘खट्’ असा एक ठोका बाहेर पडे. युरोपातल्या प्रोग्रॅमर मुलांनी ती पातळी सेकंदाला हजारो वेळा बदलून त्या खटखटीतूनच ढोल आणि माणसाचे बोल वाजवले, म्हणजे चौथा आवाज फुकटात मिळवला. पुढे कंपनीने सुधारलेली चिप काढली, तिच्यात तो दोष जवळपास नाहीसा झाला, आणि जुन्या रचनांतले ढोल एकदम दबले. मग लोकांनी काय करावे? एक रेझिस्टर डाखून दोष परत आणला! आमच्या गुरुजींच्या पेटीत एक रीड किंचित खरखरायची. कारागिराने ती घासून स्वच्छ केली तेव्हा गुरुजी महिनाभर त्याच्यावर रागावलेले होते. मला सिडची ही गोष्ट वाचताच कळली.

ॲमिगा संगणकावर १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की या जर्मन संगीतकाराने ‘साउंडट्रॅकर’ लिहिला, आणि वरून खाली सरकणाऱ्या आकड्यांच्या रकान्यांत संगीत लिहिण्याची पद्धत तिथून रुळली. गेम बॉयच्या ध्वनियोजनेत ज्यांचा हात होता ते निन्टेंडोचे हिरोकाझू तानाका यांनी साठीच्या घरात ‘चिप तानाका’ या नावाने स्वतःचा अल्बम काढला. न्यूयॉर्कमध्ये २००६ पासून काही वर्षे ‘ब्लिप फेस्टिव्हल’ भरत होता, तिथे रंगमंचावर याच करड्या डब्यांचे कार्यक्रम होत. पत्रलेखकांना वाटते तसा हा चार पोरांचा उद्योग नाही, एवढ्यासाठीच ही नावे दिली.

यंत्रांत फेरफार करणे म्हणजे त्यांची मोडतोड, असाही सूर त्या पत्रात होता. फेरफार कसले असतात ते सांगते. गेम बॉयच्या हेडफोनच्या भोकातून येणाऱ्या आवाजात खरखर मिसळते. म्हणून आवाजाच्या चकतीच्या आधीच, पाटीवरूनच दोन तारा काढून वेगळा सॉकेट बसवतात. पडद्यामागे उजेड नसतो, तो घालतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कार्ट्रिजमधला बटणासारखा सेल. रचना ज्या स्मृतीत राहते ती या सेलवर जिवंत असते, सेल संपला की गाणे गेले. तो वेळेवर बदलायचा, आणि त्याआधी गाणे दुसरीकडे उतरवून घ्यायचे. भाची हे सुटे भाग बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून आणते. तिथल्या एका काकांनी तिला विचारले होते, “एवढ्या जुन्या डब्याला एवढी मेहनत?” तिने हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी सॉकेटचे पैसे घेतले नाहीत, पण आवडले असेही बोलले नाहीत.

आता ‘आपला काडीचा संबंध नाही’ हा मुद्दा. इथे मला जरा सविस्तर लिहू द्या.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला. त्यात शाळांना मिळालेला संगणक म्हणजे ब्रिटनमधल्या एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’. तो भारतात सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने ‘युनिकॉर्न’ या नावानेही बनवला. आमच्या शाळेत तो आला तेव्हा खोलीला जाड पडदे लावले, बाहेर चपला काढायचा नियम झाला आणि आम्हा दोन शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवले. स्मृती ३२ किलोबाइट, प्रोग्रॅम साठवायला साधा टेपरेकॉर्डर. मुलांना ‘बेसिक’ ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा शिकवायची, एवढीच अपेक्षा. पण त्या बेसिकमध्ये ‘साउंड’ नावाची आज्ञा होती.

साउंडपुढे चार आकडे द्यायचे. कोणती वाट, किती जोर, कोणता सूर आणि किती वेळ. वाटा चार, तीन सुरांच्या आणि एक खरखरीची. वेळ सेकंदाच्या विसाव्या भागात. सुराचा आकडा ५३ दिला की पियानोचा मधला सी, म्हणजे पेटीवरची मधली पांढरी एक वाजते. त्यात ४८ मिळवले की एक सप्तक वर. इथे मी थबकले. पेटीत एका सप्तकात बारा पट्ट्या, आणि या सरकारी डब्यात अठ्ठेचाळीस पायऱ्या! प्रत्येक अर्ध्या स्वराचे चार भाग.

माझा स्वर काळी पाच, त्या पांढरी एकच्या दोन अर्धे स्वर खाली. म्हणजे सा ४५ वर. कोमल गंधार ५७ वर येतो, तो पेटीचा गंधार. ५६ दिला की तो किंचित खाली उतरतो आणि कान दरबारीकडे वळतो. शुद्ध गंधार पेटीच्या हिशेबाने ६१ वर. पण तंबोरा नीट लागला की त्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो ६१ पेक्षा उतरलेला आणि ६० पेक्षा चढा आहे, जवळजवळ मधोमध. नववीच्या वर्गाला मी हे आकडे एकामागून एक ऐकवले. गाण्याशी ज्यांचा संबंध नव्हता अशा मुलांनाही ६० आणि ६१ मधला फरक ऐकू आला. श्रुतींवर पत्रलेखकांनी जे लिहिले आहे ते मी त्या मुलांना कोणत्याही पुस्तकाविना, त्या पीं-पीं आवाजात दाखवले.

त्याच संगणकाच्या ध्वनिचिपने आम्हाला भागाकारही शिकवला. ती सव्वा लाखाला एका पूर्ण संख्येने भागते आणि उत्तर येईल तेवढी कंपने सेकंदाला काढते. भाजक १०२३ च्या पुढे जात नाही. तेव्हा सगळ्यात खालचा सूर कोणता? सुमारे १२२ हर्ट्झ. काळी पाचचा मंद्र षड्ज ११६.५ हर्ट्झवर आहे, म्हणजे माझा खालचा सा त्या यंत्रात नव्हताच, थोडक्यात हुकला. वरच्या टोकाला उलटी अडचण. भाजक लहान होत जातो, शेजारच्या दोन भाजकांमधले सूर लांब लांब पडतात आणि दोन-तीन सप्तके वर गेले की त्या अठ्ठेचाळीस पायऱ्या कागदावरच राहतात. एका विद्यार्थ्याने विचारले होते, “बाई, म्हणजे याचा गळा खालीपण नाही आणि वरपण नाही?” मी म्हटले, आपल्या सगळ्यांचेच तसे असते, आपल्या पट्टीत गायचे. पुढे ‘एन्व्हलप’ या आज्ञेतून तो सूर हलवणेही जमू लागले. तिला चौदा आकडे लागतात आणि ते एकमेकांत असे गुंततात की माझ्या सहकारी शिक्षकांनी तिला हात जोडले. मला ती आवडायची.

शिवाय नव्वदच्या दशकात पुष्कळ घरांत टीव्हीला जोडायचा, पिवळ्या कार्ट्रिजचा ‘व्हिडिओ गेम’ होता. तो निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ या जपानी खेळयंत्राची नक्कल. त्यातली ध्वनिचिपही नकली, आणि काही नकली चिपांत चौकोनी लहरींच्या दोन प्रमाणांची अदलाबदल झालेली असल्यामुळे तेच संगीत वेगळ्या पोताचे ऐकू येई. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांच्या कानात ‘बरोबर’ म्हणून बसलेला आवाज हा असा चुकीचा आहे. उद्या त्यांच्यातल्या कुणी मुद्दाम त्याच नकली डब्यावर संगीत केले तर ते परक्या बालपणाचे चोचले म्हणायचे का?

‘यंत्राचा सूर तो सूरच नव्हे’ हे वाक्य आपण एकदा पेटीविषयीही ऐकलेले आहे. परदेशातून आलेले, ठरलेल्या बारा सुरांचे, मींड न येणारे वाद्य म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये सैल झाली. तोवर गोविंदराव टेंब्यांची बोटे ज्यांनी ऐकली होती त्यांना काय वाटले असेल? गेम बॉय उद्या पेटीच्या जागी बसेल असे मला म्हणायचे नाही. तो बसणारही नाही. गमक त्यातून नीट निघत नाही, कणस्वर लिहायला बसले तर पडदा भरून जातो, आणि अर्ध्या तासानंतर माझे कान शिणतात. या मंडळींच्या पुष्कळ रचना नुसत्या धडाधड नाचाच्या ठेक्यावर चालतात, त्या मला कंटाळवाण्या वाटतात. पण ते रचनेविषयीचे मत झाले. वाद्याला वाद्य म्हणायला हरकत नसावी.

या पत्राचे खरे निमित्त मात्र वेगळे आहे. गेल्या उन्हाळ्यात एका परिचितांकडून कळले, की जवळच्याच एका शाळेने अडगळीची खोली रिकामी केली. पंखे, मोडकी बाके आणि दोन बीबीसी मायक्रो असा सगळा ऐवज वजनावर दिला. मी पोहोचेपर्यंत टेम्पो गेला होता. मुख्याध्यापकांना दोष देत नाही, जडवस्तू नोंदवहीत ‘निकामी’ असा शिक्का होता आणि जागेची गरज खरी होती. पण अशा खोल्या जिल्ह्याजिल्ह्यांत असणार. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत मोडून माल काढणाऱ्यांबरोबरच यंत्रे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्या ‘रिफर्बिशर’लाही स्थान आहे. तेव्हा नियम आड येत नाहीत. शिक्षण विभागाने एवढेच करावे: १९९५ पूर्वीचे संगणक निर्लेखित करताना यादी महिनाभर आधी जाहीर करावी आणि तंत्रनिकेतने, संगीत विद्यालये, हौशी मंडळी यांना ते मागण्याची संधी द्यावी. मागणी आली नाही तर खुशाल मोडीत काढावेत.

ज्या शिक्षकांच्या कपाटात असा संगणक अजून आहे त्यांना एक कळकळीची सूचना. उत्साहाच्या भरात थेट प्लग लावू नका. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये विजेच्या प्रवाहातली खरखर गाळणारे कपॅसिटर असतात. त्यांचे कवच वर्षांनुवर्षांत तडकते, आत दमट हवा शिरते, आणि चालू केल्यावर काही मिनिटांत ते फुटून खोलीभर उग्र धूर होतो. संगणक बहुधा वाचतो, पण शिपाईमामा तो खिडकीतून बाहेर फेकतील. जाणकाराकडून ते कपॅसिटर आधी बदलून घ्या, खर्च किरकोळ आहे.

आणि त्याच कपाटात कॅसेटही असतील. मुलांनी केलेले प्रोग्रॅम त्यांवर किर्र आवाजात साठवलेले आहेत, वरच्या चिकटपट्टीवर बहुधा इयत्ता आणि तुकडी लिहिलेली असेल. त्या टाकू नयेत. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर माझ्याकडे आहे आणि त्या फिती उतरवून घेण्याची भाचीची तयारी आहे. कुणाकडे असतील तर आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर कळवावे, आपण ती पत्रे माझ्याकडे पाठवाल अशी आशा आहे. पत्रलेखक महोदयांनाही निमंत्रण आहे. येताना त्यांनी त्यांचा तंबोरा आणावा, ६० आणि ६१ मधला वाद समोरासमोर मिटवू.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा